टवक्याचं कुळशील

ताटातल्या जेवणाला नावं ठेवणारी माणसं जगात सगळीकडे सापडतात. रिकामं ताट उलटं करून, त्याला भिंग लावून नावं ठेवणारी आणि त्या नावांच्या हिशोबाने पैसे मोजणारी माणसं पाहायची असतील, तर मात्र अमेरिकेतल्या फिएस्टा भांड्यांच्या बाजारात डोकवावं लागतं. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीच्या काठावर न्यूएल नावाचं गाव आहे. तिथल्या होमर लाफलिन चायना कंपनीने १९३६ साली ही भांडी बाजारात आणली. फ्रेडरिक हर्टन ऱ्हीड हा त्यांचा रचनाकार, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या कुंभारी मुलखातून आलेला. त्याने बशीवर फुलं नाहीत, वेली नाहीत, सोनेरी कड नाही, असा कोरडा कारभार केला. एकात एक गोल वळ्या आणि त्यांवर एकाच रंगाची जाड, भडक झिलई. लाल, गडद निळा, हिरवा, पिवळा, हस्तिदंती आणि थोड्याच काळात फिरोजी. वाटेल त्या रंगाचा कप वाटेल त्या रंगाच्या बशीत ठेवा, भांडी सुटी घ्या, एक फुटलं तर तेवढंच नवं आणा. मंदीने खिसे फाटलेल्या लोकांसाठी ही चैन परवडण्यासारखी होती. आज त्याच बश्या काचेच्या कपाटात उभ्या असतात, आणि जिच्यावर कधी कुणी जेवलंच नाही तिला सर्वांत जास्त भाव येतो. जेवणाच्या भांड्याचा मोठ्यात मोठा गुण म्हणजे त्यात न जेवणं! अर्थात लग्नात आलेला डिनर सेट शोकेसमध्ये मांडून स्टीलच्या ताटात जेवणाऱ्या महाराष्ट्राने यावर फार हसू नये.

आता अशा बशीत खोटी किती प्रकारच्या असू शकतात, याची यादी संग्राहकांना पाढ्यांसारखी पाठ असते. कुठे झिलई लागायचीच राहून गेली आणि खालची माती ठिपक्यासारखी डोकावते. कुठे भाजताना मातीतून निघालेला वायू झिलईला भोक पाडून गेला आणि ते भोक बुजायच्या आत भट्टी गार झाली. कुठे मातीवर धूळ किंवा तेलकट बोट राहिलं आणि तेवढ्या जागेवरून झिलई आखडून मागे सरली. कुठे लोहाचा एखादा कण पिवळ्याधमक पृष्ठभागावर काळा तीळ होऊन बसला. कधी दोन भांडी भट्टीत एकमेकांना टेकली, वितळलेल्या झिलईने चिकटली आणि सोडवताना दोघांनाही वण राहिला. या अपघाताला तिकडचे लोक ‘किल्न किस’, म्हणजे भट्टीतलं चुंबन म्हणतात, आणि किंमत तरीही कापतात. कधी बशी भाजतानाच वाकते आणि टेबलावर डुगडुगते. हे सगळे झाले जन्मदोष. त्यानंतरचे दोष आपल्या ओळखीचे आहेत: काठाचा टवका, केसासारखा तडा, सुरीचे ओरखडे, घासून घासून विझलेली चकाकी. साध्या व्यवहाराला धरून चाललं तर डुगडुगणाऱ्या बशीचा भाव सर्वांत जास्त पडायला हवा, कारण तिच्यात आमटी सांडते. आणि बुडाखाली, कुणाच्या नजरेला कधी न पडणाऱ्या टवक्याला कुणी विचारूही नये. बाजार असं वागत नाही. बाजाराला खोट किती मोठी, किती विद्रूप, किती अडचणीची, हे नंतर कळलं तरी चालतं. त्याचा पहिला प्रश्न असतो तो खोट कधीची आणि कुणामुळे पडली हा. माझं म्हणणं असं, की जुन्या भांड्यांच्या फेरविक्रीत किंमत ठरते ती खोटीच्या कुळशीलावर. आणि हे म्हणणं जितकं हास्यास्पद वाटतं तितकं ते अडाणीपणाचं नाही.

पहिला पुरावा बशीच्या पोटाखालीच आहे. जुनी फिएस्टा बशी बहुतेक वेळा खालून-वरून, सगळीकडून झिलईत बुडवलेली असे. झिलई म्हणजे शेवटी काच. भट्टीत ती वितळते आणि ज्याला टेकेल त्याला चिकटते. म्हणून बशी भट्टीत मातीच्या टोकदार खुंट्यांवर तोलून ठेवत. भाजून झाल्यावर ती उचलली, की खुंट्यांच्या जागी तीन खरबरीत ठिपके उरत. बशी उलटी करून बोट फिरवलं तर ते आजही बोटाला लागतात. नवखा गिऱ्हाईक हे ठिपके पाहून विक्रेत्याशी भांडतो, की तीन टवके उडालेला माल मला गळ्यात मारला. जाणकार तेच ठिपके नसले तर कपाळाला आठ्या घालतो. कारण १९७३ साली बंद पडलेली ही भांडी कंपनीने १९८६ साली पुन्हा काढली तेव्हा माती बदलली, ती जास्त घट्ट भाजली जाऊ लागली, आणि बशीच्या बुडाची कडी झिलई पुसून कोरडी ठेवायची पद्धत आली. खुंट्यांची गरज संपली आणि वणही संपले. (नवी माती भाजताना जास्त आक्रसते, त्यामुळे जुन्याच साच्यातून काढलेलं नवं भांडं किंचित लहान निघतं, हा आणखी एक पुरावा, पण बाजारात मोजपट्टी घेऊन हिंडायला सगळ्यांनाच धीर नसतो.) तेव्हा तीन टवके असलेली बशी निर्दोष, आणि चौथा दिसला की ती डागी. चारही टवके मापाने सारखे असले तरी हाच न्याय.

हे अमेरिकनांचं खूळ आहे असं कुणी म्हणेल, तर त्याला चीनमध्ये नऊशे वर्षं मागे न्यायला हवं. उत्तर सोंग घराण्याच्या दरबारासाठी अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर काही थोडी वर्षं बनलेली ‘रू’ भांडी म्हणजे चिनी मातीकामाचा मेरुमणी मानतात. जगभरात मिळून ती शंभरही उरलेली नाहीत. तीही सगळीकडून झिलईत बुडवून बारीक खुंट्यांवर भाजत. त्यांच्या बुडाशी राहिलेल्या वणांना चिनी रसिक तिळाची उपमा देतात आणि ते मोजून पाहतात. त्यांतलं जेमतेम तेरा सेंटिमीटर व्यासाचं, कुंचले धुवायचं एक पात्र २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात २९ कोटी ४३ लाख हाँगकाँग डॉलरना गेलं. त्या पात्राच्या झिलईला तडेही होते. माती आणि झिलई गार होताना वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात म्हणून पडणारं ते जाळं. कुठल्याही आजच्या कारखान्यात असा माल तपासनीसाने बाजूला काढला असता. रू भांड्यांत मात्र ते जवळजवळ सगळ्यांनाच आहे, म्हणून तो दोष राहत नाही, ती जात होते. आणि गंमत अशी, की तैपेईच्या राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयात असं एक लांबट पात्र आहे ज्याच्या झिलईला एकही तडा नाही, आणि त्याचं कौतुक त्या तडा नसण्यासाठी होतं. जिथे सगळे तडकलेले तिथे न तडकलेला नवलाचा. पुढे अठराव्या शतकात छिंग सम्राटांच्या कारागिरांनी रू भांड्यांच्या नकला केल्या तेव्हा बुडाचे तीळसुद्धा जसेच्या तसे उतरवले. जुन्या कुंभाराच्या अडचणीची नव्या कुंभाराने हौसेने नक्कल केली.

दुसरा पुरावा युरोपातला आहे आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो, कारण तिथे खोट शोधण्याचं काम कारखान्यानेच करून ठेवलेलं असतं. जर्मनीत १७१० पासून चालत आलेल्या माइसेनच्या कारखान्याची खूण म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. तपासणाऱ्याला एखादं भांडं पसंत पडलं नाही, की तो त्या तलवारींवरून घासून एक बारीक काप मारतो. काप वाढले की प्रत उतरली. डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगनची खूण तीन निळ्या लाटांची, देशातल्या तीन सामुद्रधुनींच्या नावाने काढलेली. तिथेही दुय्यम मालाच्या लाटांवर ओरखडा ओढतात. म्हणजे कारखाना स्वतःच आपल्या सहीवर फुली मारतो. असं भांडं आज हातात घेऊन पाहा. खालचा काप लख्ख दिसतो आणि वरची खोट काही केल्या सापडत नाही. उजेडात धरा, तिरकं करा, बोट फिरवा, टिचकी मारा. आवाज खणखणीत, रंग एकसारखा, काठ सरळ. ज्याने काप मारला तो तपासनीस शंभर वर्षांपूर्वी वारला आणि आपलं कारण सोबत घेऊन गेला. कदाचित निळा रंग त्याला अंमळ फिका वाटला असेल. कदाचित त्या दिवशी त्याचं बायकोशी वाजलं असेल. तरीही ते भांडं विनाकाप भावंडापेक्षा कमीच पैशांना जातं, आणि लिलावाच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘दुसरी प्रत’ असं इमानाने छापलेलं असतं. किंमत जर दोषाची होत असती, तर न दिसणाऱ्या दोषाला शून्य किंमत कापायला हवी होती. इथे दोष मेला तरी शेरा जिवंत आहे. सरकारी नोकरीत गोपनीय अहवालात कधीकाळी पडलेला शेरा ज्यांनी भोगला आहे, त्यांना हे वेगळं समजवावं लागू नये.

न्यूएलचा कारखाना दुय्यम माल लपवत नाही, उघड विकतो. कारखान्याशेजारच्या दुकानात खोट असलेली भांडी कमी भावात मांडलेली असतात, आणि वर्षातून एकदा तंबू ठोकून भरणाऱ्या विक्रीला दूरदूरच्या राज्यांतून लोक गाड्या घेऊन येतात. तिथे खोट असलेली बशी खोटीच्या भावात मिळाली, घेणाऱ्याने पाहून घेतली, व्यवहार संपला. खरी करमणूक तीच बशी पुन्हा विकायला निघते तेव्हा होते. जाहिरातीत एक वाक्य हमखास येतं: काठाला लहानशी खोट आहे, पण ती कारखान्यातलीच आहे. लग्नाच्या बाजारात ‘पत्रिकेत मंगळ आहे, पण सौम्य आहे’ असं सांगतात त्याच सुरात हे वाक्य म्हटलं जातं, आणि हेतूही तोच. आधी कबुली देऊन प्रामाणिकपणाचं श्रेय घ्यायचं, मग ‘पण’ घालून कबुलीतली हवा काढायची, आणि वर असं सुचवायचं की यात आमच्या घरच्यांची काही चूक नाही. घेणाराही हे वाक्य वाचून खरोखरच सैल पडतो. तीच खोट विक्रेत्याच्या नातवाने बशी नळावर आपटून पाडली असं लिहिलं असतं, तर त्याने पुढचं पान उलटलं असतं.

पण हे वाक्य खरं की खोटं, हे तपासता येतं. काठावरच्या टवक्यात नख घाला. खळगा गुळगुळीत असेल, त्याच्या कडा गोलसर असतील आणि तळाशी झिलईचा थर जाऊन बसलेला असेल, तर माती भाजण्याआधीच किंवा झिलई चढण्याआधीच तिथला तुकडा उडाला होता. वरून झिलई ओतली गेली, वितळली आणि जखम भरून आली. हा भट्टीचा दोष. नखाला कड धारदार लागली, खळग्यात फिकट, कोरडी, रंध्रं असलेली माती दिसली आणि तिच्यात चहा किंवा मसाल्याचा तपकिरी डाग मुरलेला असला, तर तो टवका कुणाच्या तरी घरात, कुठल्या तरी सिंकमध्ये पडला आहे, विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी. ओरखड्यांचंही असंच. बशीवरच्या करड्या रेघा अनेकदा ओरखडे नसतातच. सुरी-काट्याचा धातू झिलईवर घासून तिथे उतरलेला असतो आणि सौम्य घासणीने तो निघून जातो. खरा ओरखडा निघत नाही, नख त्यात अडकतं. एकूण फिएस्टाच्या जाणकारांची नखं जवाहिऱ्याच्या तराजूइतकी कामाची असतात.

यावर रोकडा आक्षेप येतो. टवका तो टवका. तो भट्टीत पडला काय नि मोरीत पडला काय, बशी तेवढीच तुटली. मग घेणारा एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त पैसे का कापतो? हा निव्वळ सोवळेपणा नाही का? थोडा आहेच. पण त्यात हिशोबही आहे. भट्टीत पडलेला दोष आगीतून बाहेर आला आहे. तो आहे तिथे थांबलेला असतो. हजाराहून अधिक अंश तापमानात ज्याला वाढायचं होतं ते वाढून चुकलं. आपटून पडलेला टवका मात्र एकटा येत नाही. त्याच्यासोबत डोळ्याला न दिसणारा तडा असू शकतो, आणि तो तडा एक दिवस गरम पाण्यात सरळ पलीकडच्या काठापर्यंत जातो. शिवाय ज्या घरात बशी एकदा आपटली, तिथे ती दुसऱ्यांदाही आपटली असण्याची शक्यता जास्त. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे त्यासाठी त्याला नोबेल मिळालं. त्याचा गाभा हाच, की विकणाऱ्याला मालाबद्दल जे ठाऊक असतं ते घेणाऱ्याला नसतं, आणि या अंधारामुळे चांगल्या मालाचाही भाव पडतो. जुन्या बशीच्या बाबतीत खोटीचा जन्मदाखला म्हणजे त्या अंधारातला एक दिवा आहे. घेणारा त्या एका टवक्याचे पैसे कापत नसतो. त्या टवक्यावरून तो बाकीच्या, न दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधतो आणि त्यांचे पैसे कापतो. म्हणूनच जन्मतारीख सांगता न येणाऱ्या दोषावर बाजार गोंधळतो. जुन्या, सच्छिद्र मातीच्या भांड्यांत वर्षानुवर्षं दमट हवा मुरते, माती सूक्ष्म फुगते, वरची काच फुगत नाही, आणि तीस-चाळीस वर्षांनी झिलईला जाळं पडतं. ही चूक माती कालवणाऱ्याची, की ओल्या भिंतीलगत कपाट ठेवणाऱ्याची? दोघेही हात वर करतात. फिएस्टावर असं जाळं दिसलं की भाव उतरतो. तेच जाळं रू भांड्याचं वैभव ठरलं, कारण तिथे ते पहिल्या दिवसापासून आणि जवळपास सगळ्यांना होतं.

याहून तिखट आक्षेप पोस्टाच्या तिकिटांचा शौक असणारे घेतात. त्यांच्या दुनियेत खोट असली की भाव वाढतो. १८५४ साली कलकत्त्याला छापलेल्या चार आण्यांच्या भारतीय तिकिटावर लाल चौकटीत व्हिक्टोरिया राणीचं निळं डोकं आहे. छपाई दोन वेळा करावी लागे, आणि काही तिकिटांवर राणी उलटी, डोकं खाली करून बसली. ती तिकिटं आज हिंदुस्थानातल्या सर्वांत दुर्मीळ तिकिटांपैकी मानली जातात. मग झिलई चुकलेल्या बशीने काय घोडं मारलं? माझं उत्तर असं, की राणीची चूक मोजता येते, तिला नाव देता येतं, ती सूचीत जाते. उलटी म्हणजे उलटी. तशी अमुक तिकिटं माहीत आहेत, त्यांच्यातली ही एक. झिलईतल्या भोकाला असं कुळ नाही. एका बशीवर ते डावीकडे, दुसरीवर उजवीकडे, तिसरीवर दोन. प्रत्येक खोट एकुलती एक, म्हणून कुणालाच तिचं कौतुक नाही. एकमेवाद्वितीय असणं ही संग्राहकाच्या लेखी फारशी मोलाची गोष्ट नसते. त्याला ओळीत बसणारी दुर्मीळता हवी असते, जी आपल्याकडे आहे आणि शेजाऱ्याच्या यादीत कोरी जागा म्हणून दिसते. भांड्यांतही जिथे चूक ओळीत बसते, तिथे भाव चढतोच. फिएस्टाचा झाकणाचा कांदा-सूपचा वाडगा घ्या. तो बंद होत होता नेमका त्याच सुमाराला फिरोजी रंग आला, त्यामुळे फिरोजी वाडगे नाममात्रच निघाले आणि आज त्यांना हजारो डॉलर मिळतात. ही भट्टीची नव्हे, वेळापत्रकाची चूक, पण चूकच.

याच वाडग्यावरून कुणी म्हणेल, की मग कुळशील कसलं घेऊन बसलात, सगळा खेळ दुर्मीळतेचाच आहे. फिरोजी वाडग्याला टवका असला तरी लोक उड्या मारतील. मारतील, आणि १९५९ ते १९६९ या दहा वर्षांतच निघालेल्या मध्यम हिरव्या रंगाच्या बशीवरही मारतील. पण टवक्यासाठी त्या उड्याही थोड्या बुटक्या पडतात, आणि किती बुटक्या हे पुन्हा टवका भट्टीतला की मोरीतला यावरच ठरतं. दुर्मीळता भावाची पातळी ठरवते. त्या पातळीवरून किती पायऱ्या उतरायच्या हे कुळ ठरवतं. नव्या फिएस्टाने तर दुर्मीळतेची बी पेरून पीक काढायला सुरुवात केली. लायलॅक रंग १९९३ ते १९९५ एवढाच चालवून बंद केला, आणि दुकानात साध्या दराने मिळणारी भांडी बंद होताच पटापट वर गेली. त्या रंगात दुय्यम प्रतीचा मालही लोकांनी जपून ठेवला. टंचाई पूर्वी दुष्काळाने यायची, आता ती कंपनीच्या कॅलेंडरवर छापून येते.

माणसाच्या हातची खोट नेहमीच भाव पाडते, हा नियम मात्र मीच सैल करायला हवा, कारण हात कुणाचा हेही कुळातच मोडतं. अठराव्या शतकातल्या छिएनलोंग सम्राटाला कवितेची दांडगी हौस होती आणि ती कागदावर भागत नव्हती. त्याने आपल्या संग्रहातल्या कित्येक रू भांड्यांच्या बुडावर स्वतःच्या कविता कोरवल्या. आज एखाद्या जावयाने सासऱ्याच्या सातशे वर्षं जुन्या भांड्यावर हत्यार चालवलं, तर घरात काय होईल ते सांगायला नको. सम्राटाने तेच केलं, आणि कविता कोरलेलं भांडं आता उलट जास्त आदराने हाताळतात, कारण ओरखड्याखाली सही बादशहाची. अमेरिकेत चित्रकार अँडी वॉरहॉल वारल्यावर १९८८ साली त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात जुन्या बाजारातून उचललेल्या बिस्किटांच्या सुमारे पावणेदोनशे बरण्या होत्या. स्वयंपाकघरातल्या साध्या, थट्टेखोर चेहऱ्यांच्या बरण्या. त्या मिळून जवळपास अडीच लाख डॉलरना गेल्या. बरणीत बिस्किटं कोण ठेवत होता, यावर मातीला भाव आला.

एवढ्या सगळ्या चोखंदळपणात एक गोष्ट राहून जाते, आणि तिथे माझ्या मते बाजाराचं गणित खरोखरच फसलं आहे. फिएस्टाचा प्रसिद्ध लाल रंग युरेनियमच्या ऑक्साइडने येत असे. त्या झिलईत वजनाने चौदा टक्क्यांपर्यंत युरेनियम सापडू शकतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने अणुबाँबसाठी युरेनियम ताब्यात घेतलं आणि लाल बशी बंद झाली. १९५९ साली ती परतली ती क्षीण युरेनियम घेऊन, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा थांबली. आजही किरणोत्सार मोजायचं यंत्र तिच्याजवळ नेलं की ते भजनात टाळ वाजावेत तसं वाजतं, आणि म्हणून शाळा-कॉलेजातल्या प्रयोगांत ती हजेरी लावते. अशा झिलईच्या भांड्यांत खाऊ-पिऊ नये असा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे. आंबट पदार्थ झिलईतून युरेनियम आणि जुन्या झिलयांतलं शिसं बाहेर खेचतात. जेवणाच्या बशीत याहून मोठी खोट मला कल्पनेतही सुचत नाही. पण जाहिरातीत ती खोट म्हणून कुणी लिहीत नाही, आणि तिच्यासाठी एक सेंटही कमी होत नाही. उलट लाल बशी पहिल्यापासून इतर रंगांपेक्षा महाग. किरणं सगळ्याच लाल बश्यांतून निघतात, म्हणून ती दोष नाहीत, स्वभाव आहे. त्याच बशीवर टाचणीच्या डोक्याएवढी झिलई सुटलेली असली, म्हणजे तेवढ्या जागेत युरेनियमच नसलं, की मात्र भाव घसरतो. त्या ठिपक्यापुरती ती बशी जेवायला निर्धोक असते, आणि नेमक्या त्या ठिपक्याचेच पैसे कापले जातात.

तेव्हा न्यू जर्सीत किंवा पुण्यात बसून कुणाला ही रंगीत भांडी जमवायची हौस आली असेल, तर एवढं करावं. तीन ठिपक्यांवरून विक्रेत्याशी भांडू नये. टवक्यात झिलई उतरली आहे का ते नखाने पाहावं. उतरली असेल तर थोडे पैसे कापावेत, नसेल तर बरेच. ‘कारखान्यातलीच खोट’ असं लिहिलेलं असलं, तरी खळग्याचा जवळून काढलेला फोटो मागवावा, आणि तो मिळेपर्यंत पैसे पाठवू नयेत. १९८६ नंतरची दुय्यम प्रतीची, शिशाविना झिलईची बशी स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्यावी, तिच्यावर रोज जेवावं, फुटली तर दुसरी आणावी. आणि १९७३ आधीची लाल बशी हाती लागली, तर ती कपाटात उभी करावी. तिच्यावर लिंबाचं लोणचं वाढू नये, आणि त्या रंगाच्या वाडग्यात सोलकढी तर मुळीच ओतू नये.